सर्पदंश निरंक

सांगली,
२२ मार्च १९९८

दादा,

जयभीम. घ्यायचा की नाही ते तू ठरव, मी माझ्याकडून घातला.

आबा म्हणाले, "पत्र टाक. त्यो वाचंल न वाचंल, पर फाडणार न्हाई." म्हणून लिहायला बसले. तुला निलंबित केल्याचं मला आबांकडूनच कळलं. गाव सोडून तू शिरवळला आकारामच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन राहिलास, हेही त्यांनीच सांगितलं. भावकीत कुणाकडे नाही, सांगलीला माझ्याकडे तर नाहीच. शाळेतल्या दोस्ताकडे. सोळा वर्षं हिंगणमळ्यात आरोग्य सेवक म्हणून घरोघरी हिंडलेला माणूस हायवेला बसून ट्रकच्या चाकांत हवा भरतोय, हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. तू म्हणशील, नाटकं करते.

दीक्षावहिनी गेली, तिच्या जलदान विधीला तू माझ्याकडे पाठ करून बसलास. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते, कारण भावकीत सगळीकडे एकच चाललंय, शिकलेल्या बहिणीनं भावाची नोकरी घालवली. चौकशीच्या त्या खोलीत तू नव्हतास. मी नेमकं काय बोलले ते ऐक तरी.

पाच जणांची समिती होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमनं हिंगणमळ्याला इतका कमी धोका कसा काय दाखवला?" मी म्हणाले, "आम्हाला मिळालेल्या नोंदींत त्या गावात पाच वर्षांत एकही सर्पदंश नव्हता." एवढं एकच वाक्य, दादा. त्यात खोटं काय आहे?

तूच एकदा विचारलं होतंस, "मास्तरीणबाई, तुजं मशीन शिकतं म्हंजे करतं तरी काय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. चारशे गावांचा पाऊस, उसाचं क्षेत्र, कालवा किती लांब, आणि त्या गावात आधी किती लोकांना साप चावला, हे सगळं मी त्याला देते. ते अंदाज करतं, चुकतं, मी खरं उत्तर दाखवते, मग ते स्वतःला जरासं सुधारतं. असं हजारो वेळा. शेवटी प्रत्येक गावापुढे शून्य आणि एकच्या मधला एक आकडा येतो. सापावरची लस कधीच सगळ्यांना पुरत नाही, म्हणून मोठ्या आकड्याच्या गावांना आधी द्यायची असं ठरलं. हिंगणमळ्याचा आकडा आला शून्य पूर्णांक शून्य सात. जुलैमध्ये तुमच्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमधल्या बाटल्या दुसरीकडे गेल्या. सप्टेंबरात वहिनीला उसात तण भांगलताना घोणस चावली.

मशीनला गाव दिसत नाही, दादा. त्याला तुझं अक्षर दिसलं. दोनशे साठ आठवडे, दर सोमवारी, तुझ्या त्या गोल अक्षरात एकच ओळ: सर्पदंश, निरंक. मग त्यानं काय समजायचं? मी तरी काय समजायचं?

रागानं लिहिलंय. तसंच पाठवते, नाहीतर राहून जाईल.

प्रियदर्शनी


सातारा,
१४ जून १९९८

दादा,

पत्ता बदललाय. मी साताऱ्याच्या कॉलेजात आले. आबांना सांगितलंय की इथली लॅब मोठी आहे. काही मोठी नाही, सहा कॉम्प्युटर आहेत आणि त्यातले दोन झाकूनच ठेवलेले असतात. सांगलीत जो भेटेल तो माझ्या त्या लसीच्या यादीबद्दल विचारायचा, कुणी कौतुकानं, कुणी तिरकसपणे. मला तिथं बसवेना.

इथून शिरवळ तासाभरावर. मागच्या महिन्यात पुण्याला जाताना एसटी तुमच्या दुकानापुढे जरा थांबली. तू ट्यूब पाण्याच्या टबात फिरवत होतास. बुडबुडा कुठून येतो ते बघत. बारीक झालायस. उतरावंसं वाटलं, पण उतरले नाही.

मागचं पत्र वाचलं असशील तर त्यातलं ते माझं एक वाक्य पुन्हा वाच. मी मोठी हुशार. कुणाला पकडता येऊ नये असं बांधलंय. "आम्हाला मिळालेल्या नोंदींत." म्हणजे सरकारी रजिस्टरात. तू मला आणखी काय दाखवलं होतंस, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तू निरंक का लिहायचास हे मला पक्कं ठाऊक होतं. हिंगणमळ्यात साप चावला की माणसाला आधी केरबा पुजाऱ्याच्या देवळात नेतात. लिंबाचा पाला, नारळ, प्रदक्षिणा. वाचला तर देवानं वाचवला. मेला तर घरच्यांना एकच धास्ती, चिरफाडीची. साप म्हणून नोंद झाली की पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. दादासो सरपंचाची सून गेली तेव्हा तो तुझ्याकडे आला. ज्यानं तुला इतक्या वर्षांत ओसरीच्या आत कधी बोलावलं नाही, त्यानं तुझे हात धरले. "नागसेन, पोरीला फाडू देऊ नगंस गड्या. ताप लिव." तू ताप लिहिलास. मग कुणाचा ताप, कुणाच्या छातीत कळ, कुणाचं नुसतंच 'अचानक'. मी तुझ्याशी भांडले होते त्यावरून. तू म्हणालास, "तू त्यांच्या दारात उभी ऱ्हा, मग मला शिकव."

आणि वही. शहाण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्याकडे नोंदी मागायला आले. रजिस्टर तू माझ्या पुढ्यात टाकलंस आणि वहिनीकडे बघितलंस. वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दावा की. घरचीच हाय ती." मग तू ट्रंकेतून ती शंभर पानी वही काढलीस. पाच वर्षांतली एकतीस नावं. तारीख, कुणाच्या रानात, कसला साप, वाचला की गेला. त्यातले एकोणीस गेलेले. मी विचारलं, ही कशाला ठेवलीस? तू म्हणालास, "सरकारसंगं खोटं बोलतो. मेलेल्या माणसासंगं नको." आणि वही माझ्या हातात देताना म्हणालास, "बघ, शीक. पर गावाचं नाव काढू नगंस बाई. माजी नोकरी जाईल."

मी नाव काढलं नाही. समितीपुढे वहीचं नावसुद्धा घेतलं नाही. आपण भावाला दिलेला शब्द पाळला, म्हणून मी इतके दिवस स्वतःची पाठ थोपटत होते. तुझी नोकरी वाचावी म्हणून गप्प बसले, ती गेली तरी गप्पच. हे कसलं शब्द पाळणं? वहीबद्दल बोलले असते तर निदान एवढं तरी कळलं असतं की तू आळसानं निरंक लिहीत नव्हतास, आणि त्या गावात माणसं मरताहेत हे यादी करणाऱ्या बाईला आधीपासून ठाऊक होतं.

हे शेवटचं अर्धं वाक्य लिहायला मला मार्च ते जून लागला.

प्रियदर्शनी


सातारा,
९ सप्टेंबर १९९८

दादा,

आज वहिनीला जाऊन वर्ष झालं. मी हिंगणमळ्याला गेले नाही. आबा एकटेच गेले असतील. तुझं माहीत नाही.

त्या दिवसाचं मला आबांनी सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. तू वहिनीला मोटारसायकलवर मागे बांधून घेतलंस. केरबाचं देऊळ वाटेतच होतं, तिथं माणसं हात करत होती, तू थांबला नाहीस. सगळ्या गावात तू एकटा सरळ आरोग्य केंद्रात गेलास. डॉक्टरांनी फ्रिज उघडला आणि तुझ्याकडे बघितलं. मग जीप. इस्लामपूरच्या अलीकडेच वहिनी गेली. तू बरोबर तेच केलंस जे मी भाषणांतून लोकांना सांगत हिंडते, आणि ते तुलाच उपयोगी पडलं नाही.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या पीएचडीच्या सरांनाही नाही.

मी तुझी वही मशीनला दिली होती.

सत्त्याण्णवचा जानेवारी. गावाचं नाव न घालता नुसता नंबर घातला. असं करता येत होतं, दादा. तुझा शब्दही मोडत नव्हता. हिंगणमळा चारशे गावांत दुसरा आला. शून्य पूर्णांक नऊ एक.

मात्र बाकीचं सगळं बिघडलं. आधी शंभरातली चौऱ्याऐंशी उत्तरं बरोबर येत होती. तुझी वही घातल्याबरोबर आसपासची कितीतरी गावं एकदम वर चढली. तोच कालवा, तसाच ऊस, तशीच माणसं. मशीन म्हणत होतं, इथंही साप चावत असणार. रजिस्टर म्हणत होतं, निरंक. मला पाच मिनिटांत कळलं काय ते. तिथंही कुणीतरी लोकांच्या विनवण्या ऐकून ताप लिहीत होतं. माझ्या चारशे गावांच्या नोंदींना तळच नव्हता. हे सरांना सांगायचं म्हणजे पुन्हा गावोगाव हिंडायचं, दोन वर्षांचं काम नव्यानं करायचं. आणि तीन आठवड्यांनी मला बंगलोरला परिषदेत निबंध वाचायचा होता. आमच्या कॉलेजातून तिथं जाणारी मी पहिली. आपल्या घरातलं तर सोडच. आबांचं पाहुण्यारावळ्यांत सांगून झालं होतं.

मी ती फाइल पुसली. मशीननं विचारलं, नक्की पुसायची का. मी हो म्हणाले.

त्यात तुला दिलेला शब्द वगैरे काही नव्हतं. ते मी नंतर जुळवलं. मला चौऱ्याऐंशी हवे होते.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. मार्चमध्ये वहिनी डोळे तपासायला सांगलीला आली होती, आठवतं? मी तिला लॅब दाखवायला नेलं. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पदर सावरून, कशाला हात लागू नये म्हणून. म्हणाली, "ह्याला आमचं गाव ठावं हाय का?" मी म्हटलं, चारशेच्या चारशे ठाऊक आहेत. "मग आमच्या गावाचं काय म्हणतंय?" मी तिला आकडा दाखवला. ऐटीत म्हणाले, "वहिनी, तुमचं गाव एकदम सुरक्षित." ती हसली. म्हणाली, "त्याला म्हणावं, एकदा भांगलायला ये आमच्यासंगं."

मीसुद्धा हसले. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मी तिच्याबरोबर हसले.

तुझ्याकडून मला माफी वगैरे नको, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. हवी आहे. लय हवी आहे.

प्रियदर्शनी


सातारा,
२० डिसेंबर १९९८

दादा,

हे कामाचं पत्र आहे. आधीची वाचली नसलीस तरी हे वाच.

तुझ्या खात्याच्या चौकशीची शेवटची सुनावणी १८ जानेवारीला, सोमवारी, सांगलीत आहे. तुला नोटीस आली असेलच. मला साक्षीला बोलवावं म्हणून मी स्वतः अर्ज केला होता, तो मंजूर झाला. आधीच्या दोन पत्रांत लिहिलंय ते सगळं मी तिथं सांगणार आहे. वही पाहिली होती, मशीनला दिली होती, गाव दुसरं आलं होतं, मी पुसून टाकलं. लेखी जबाबही पाठवला आहे.

तुझ्यावर मुख्य ठपका काय, तर तुझ्या खोट्या नोंदींमुळे लस हलवली गेली. नोंदी खोट्या होत्या हे यादी करणारीला माहीत होतं, असं सिद्ध झालं की तो ठपका तुझ्या डोक्यावरून उतरतो. वकिलांना विचारलं मी. ते म्हणाले, रजिस्टरासाठी समज देतील, बढती रोखतील फार तर, पण नोकरीवर परत घेतील. अजून तेरा वर्षं आहेत तुझी.

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "प्रियदर्शनी, एवढं करून तुझी पीएचडी जाईल, कदाचित कॉलेजही. त्यानं तुझी वहिनी परत येणार आहे का?" मी म्हणाले, भावाची नोकरी परत येईल. सर वाईट नाहीत. त्यांचं नाव माझ्या निबंधावर माझ्या आधी आहे, एवढंच.

माझ्याकडे पुरावा नाही. पुसलं ते पुसलं. तुझी वही आणि तुझा एक शब्द, यावर सगळं आहे. तू वही घेऊन ये. साहेब विचारतील, बहिणीनं ही पाहिली होती का. तू हो म्हण. बाकी काही बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. हो म्हण आणि जा.

आबा म्हणतात, "माज्या पुढ्यात भांडा, पर बोला तरी." त्यांची तब्येत बरी नाही, उसनं अवसान आणून हिंडतात.

येशील ना?

प्रियदर्शनी


सातारा,
३१ जानेवारी १९९९

दादा,

सुनावणीला तेरा दिवस झाले.

तू आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत तेवढा ग्रीस राहिलेला. काखेत वही बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्या साहेबांनी मध्ये एकदा पंखा बंद करायला लावला, नीट ऐकू यावं म्हणून. मग ते म्हणाले, "मॅडम, याला आधार काय?" मी तुझ्याकडे बोट केलं.

तू वही टेबलावर ठेवलीस. "साहेब, ही वही माजी. ह्यात हाय ते खरं हाय. रजिस्टरात म्या खोटं लिवलं. गावाला लस परत द्या, बाकी तुमचं तुमी बघा."

"ही वही बहिणीनं पाहिली होती?"

"न्हाई, साहेब. म्या कुणालाच दावली न्हवती. बहीण हाय, मला वाचवाय बघतीया."

मी उठून उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. साहेब मला समजावत होते, अगदी मायेनं, "मॅडम, तुमच्या भावना समजतात." टाइपिस्टनं तेही टाइप केलं असावं. तू खाली मान घालून सही केलीस.

बाहेर पायऱ्यांवर मी तुझा हात धरला. विचारलं, का खोटं बोललास? मला वाटलं, म्हणशील, तुझं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून. मला तसंच ऐकायचं होतं. तू सोळा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोललास.

"तुला लय घाई झालीया मोकळं व्हायची. चार मान्सांपुढं खरं बोललीस, सही केलीस, की सुटलीस. दीक्षा सुटली न्हाई. म्याबी सुटलो न्हाई. मग तू कशी सुटशील?"

मी म्हणाले, "पण दादा, तुझी नोकरी."

"ती माज्या खोट्यानं गेली. ते माजं. तुजं हाय ते तुज्याजवळ ठेव."

आणि तू स्टँडकडे चालायला लागलास. मी मागे आले नाही.

तुला बडतर्फ केल्याचा कागद मिळाला असेल. इकडचं सांगते. हिंगणमळ्याच्या फ्रिजमध्ये लस परत आली, पूर्वीपेक्षा दुप्पट. तुझ्या वहीची झेरॉक्स माझ्याकडे आली, यादी दुरुस्त करून द्या म्हणून. मी घातली. घालायलाच हवी होती. आकडा तोच आला, शून्य पूर्णांक नऊ एक. सरांचा फोन आला, म्हणाले, यावर दुसरा निबंध होईल. मी फोन ठेवला. कॉलेजात प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सख्ख्या भावाची चूक असूनही मॅडम त्याच्यासाठी उभ्या राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. मी तिथं खुर्चीत बसून होते.

आता रविवारी मी एकेका गावाला जाते. आरोग्य सेवकाला गाठते, चहा घेते, रजिस्टर मागत नाही. विचारते, घरी दुसरी वही आहे का. आठ-दहा जण तर माझ्यावर चिडलेच. तिघांनी काढून दिल्या. त्यांना मी तुझी गोष्ट सांगते, कुठंही नाव न घेता, आणि वही कुणाला दाखवणार नाही असा शब्द देत नाही. काम फार सावकाश चाललंय. चारशे गावांना किती वर्षं लागतील तेही मोजलेलं नाही.

आबांनी विचारलं, काय बोलला नागसेन? मी म्हणाले, बोलला. त्यांना तेवढंच पुरलं. खूश होते दिवसभर.

तू मला वाचवलंस की शिक्षा केलीस, हे मी रोज ठरवते आणि रोज बदलते. बहुतेक तुलाही ठाऊक नसेल. पण तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. कागदावर माझ्यावर काही डाग नाही. सगळे मला चांगलं म्हणतात. मी सुटलेली नाही, दादा. हे ठाऊक असलेला जगात तू एकटाच आहेस, म्हणून तुलाच लिहिते.

तुझी,
प्रियदर्शनी